राठोड सरांची उजवी कड

छापील कागदावर चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन दिसला की प्रा. वसराम राठोड खुर्चीत नीट बसू शकत नसत. वणीच्या एका महाविद्यालयात ते गणित शिकवत. त्यांची माझी ओळख अशाच एका चौकोनामुळे झाली.

तेव्हा मी एका दैनिकाचा वणीचा वार्ताहर होतो. आमच्या पुरवणीत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी गणिताचे सदर येत असे. एका अंकात वर्गमुळाची आणि ‘पेक्षा लहान किंवा समान’ची चिन्हे छपाईत गळाली आणि प्रत्येक ठिकाणी सारखाच रिकामा चौकोन छापून आला. दुपारी सर कार्यालयात आले. उंच बांधा, पिळदार मिशा, काखेत अंकाची घडी, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी लहान स्टीलची पट्टी.

“बातमीदार कोन हाय इथं?”

“मीच.”

“हे काय हाय?” त्यांनी पट्टीचे टोक चौकोनावर टेकवले.

“फॉन्टचा प्रॉब्लेम झाला, सर.”

“फॉन्टचा नाई. चिन्हाले काही सांगाचं होतं. तुमी त्याले पेटीत कोंबून वरून झाकन लावलं.”

स्वतःच्या वाक्यावर ते इतके खूश झाले की राग तिथेच संपला. त्यांनी चहा मागितला, बिस्किटे मागितली आणि निघताना जाहीर केले की पुढच्या आठवड्यापासून सदराचे पान ते स्वतः तयार करून पाठवतील. आम्ही मागितले नव्हते. पान मात्र येत राहिले, कधी उशिरा आले नाही, आणि त्यात चौकोन कधीच नव्हता.

हे पान ते ‘लाटेक’ नावाच्या प्रणालीत तयार करत. वणीत बऱ्याच लोकांना ते रंगाच्या कंपनीचे नाव वाटे. या प्रणालीत पान डोळ्यांसमोर सजवत बसायचे नसते. मजकूर साधा टाइप करायचा. जिथे चिन्ह हवे तिथे एक तिरपी रेघ मारून पुढे त्या चिन्हाचे नाव लिहायचे. शेवटी हुकूम द्यायचा. मग संगणक सगळे वाचतो, चिन्हे जागेवर बसवतो आणि तयार पान समोर ठेवतो. त्या तिरप्या रेघेला सर काठी म्हणत. “काठी मारल्याबिगर चिन्ह उठत नाई,” हे त्यांचे वाक्य. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी त्यांची नक्कल करत ती याच वाक्याने सुरू होई. टाळी वाजवणारे पहिले सरच असत.

या प्रणालीत जगभरची हजारो चिन्हे मिळतात आणि त्यांची एक जाडजूड यादी आहे. सरांनी ती छापून, स्पायरल बांधून घेतली होती. दुपारच्या जेवणानंतर इतर प्राध्यापक पेपर वाचत, सर यादी वाचत. बुद्धिबळाचे घोडे, हवामानखात्याचे ढग, बुटांचे ठसे, कात्र्या, संगीताची चिन्हे. त्यांना यातले काही लागत नसे. पण गल्लीत कोणाला कशाचे चिन्ह हवे असेल तर तो माणूस सरांकडे येई आणि सर हातातले काम टाकून शोधायला बसत. शेजारी पत्रिका पाहणारे एक काका राहत. त्यांना कुंडलीत ग्रहांची चिन्हे हवी होती. गुरू, शुक्र, मंगळ लगेच मिळाले. एक चिन्ह अडले. संध्याकाळी काकांकडे पाहुणे बसलेले असताना भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला :

“काका! शनी सापडला हो!”

“असू द्या तुमच्याकडेच!” काकू आतून ओरडल्या.

चिन्हांखालोखाल त्यांचा जीव कशावर असेल तर तो पानाच्या उजव्या कडेवर. डावी कड कोणाचीही सरळ येते, असे ते म्हणत. माणूस ओळखायचा तो उजव्या कडेवरून. लाटेक दोन्ही कडा सरळ ठेवते. त्यासाठी ओळीतल्या शब्दांमधल्या जागा ती किंचित ओढते किंवा किंचित दाबते, म्हणजे शेवटचे अक्षर बरोबर कडेला जाऊन लागते. वाचणाऱ्याला हे कळत नाही. विद्यार्थ्याने प्रकल्प आणून दिला की सर आधी खिशातली पट्टी काढून उजव्या कडेला लावत. ओळी कमीजास्त असल्या तर वही परत.

“तुया ओळी बकरीच्या शेपटासारख्या काहून लोंबून राह्यल्या?”

“सर, गणित तर बरोबर हाय ना?”

“गणित मंग पाहू. आधी आंग धून ये.”

मुलीच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी लाटेकमध्येच केली. छापखान्याने गणपती, कलश, तोरण दाखवले. सरांनी गणपती तेवढा ठेवला. पुस्तकात समीकरणांना जसे कंसातले क्रमांक असतात तसे त्यांनी कार्यक्रमांना दिले. हळद (१). लग्न (२). जेवण (३). खाली तळटीप होती : ‘(२) ला उशीर झाला तरी (३) वेळेवर होईल.’ तसेच झाले. वरात मारेगावजवळ टायर पंक्चर होऊन थांबली आणि वऱ्हाड येण्याआधीच अर्धी पंगत उठली. व्याही रागावण्याच्या बेतात होते. कोणीतरी त्यांच्या हातात पत्रिका दिली. तळटीप वाचून ते हसले आणि स्वतःही जेवायला बसले. वणीत अजूनही जेवायला चला म्हणण्याऐवजी काही जण “तीन नंबर लागला का?” असे विचारतात.

आता गुलाबदादांविषयी.

गुलाबदादा हे सरांचे थोरले भाऊ. मुकुटबनपासून जवळच त्यांचा तांडा आहे. पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिले; आता घरोघर कापूस आणि तूर. सर वणीत राहिले, दादा तांड्यावर. तांड्याचा नंगारा दादा वाजवत. नंगारा म्हणजे दोन काठ्यांनी वाजवायचे मोठे, खोलगट वाद्य. होळीच्या आधी महिनाभर तांड्यावर लेंगी म्हणतात. लेंगी हे गोलात फिरत म्हणायचे होळीचे गाणे. तांड्यावर होळी पहाटे पेटते. त्या पहाटेची नंगाऱ्याची एक चाल ठरलेली आहे. ती वाजू लागली की गोल फिरायला सुरुवात होते. ती चाल दादांनी वडिलांकडून उचलली होती. सरांना ती कधीच जमली नाही.

“ताल भियानं घेतला,” ते सांगत, “मले गनित उरलं.” भिया म्हणजे भाऊ. लहानपणी सरांनी एकदा नंगारा वाजवला तेव्हा तांड्यावरच्या शेळ्या सुटल्या, असे दादा सांगत. सर ते नाकारत नसत. शेळ्या किती होत्या याबद्दल तेवढा वाद होता.

मी वणीत होतो त्या शेवटच्या वर्षी, दिवाळीनंतर, दादांना अर्धांगाचा झटका आला. बोलणे लवकर परतले. उजवा हात परतला नाही. तांड्यात दुसरे कोणी ती चाल पूर्ण वाजवू शकत नव्हते. दादा असताना कोणाला गरजच पडली नव्हती. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, व्यवहारी माणूस होता. त्याने वणीच्या डीजेवाल्याशी बोलणे सुरू केले. दादांनी बाजेवरून एवढेच सांगितले :

“डीजे आणा. मी नाई येनार भाईर. मले घरातच राहू द्या.”

हे सरांनी मला कार्यालयात येऊन सांगितले. त्या दिवशी त्यांनी चहा मागितला नाही. “भिया होळीले घरात बसला तर मंग तो कायमचाच बसते,” ते म्हणाले. मग मिशीवरून हात फिरवून त्यांनी विचारले, “तालाले चिन्ह असते ना?”

त्यानंतर दर रविवारी ते लॅपटॉप घेऊन तांड्यावर जात. दादा डाव्या हाताने बाजेच्या लाकडावर ठोके देत आणि तोंडाने बोल म्हणत. सर उतरवून घेत. उजव्या काठीसाठी भरीव गोल, डाव्या काठीसाठी पोकळ गोल, दोन्ही एकदम पडल्या तर गोलात गोल. ही चिन्हे यादीत मिळाली. मधल्या विरामासाठी मोकळी जागा. पण एका ठिकाणी दादा थांबले.

“इथं नंगारा विस्तवाजवळ न्याचा.”

“ते कायले लिवाचं, भिया? ते काही ताल नाई.”

“पहाटे दव पडते. कातडं ढिलं होते. शेकलं नाई तर पुढचं सारं भदभद वाजते. लिव.”

विस्तवाजवळ नेण्याचे चिन्ह यादीत नव्हते. सरांनी ते स्वतः घडवायचे ठरवले. लाटेकमध्ये रेघा आणि वळणे सांगून चित्र काढता येते, पण काढताना ते दिसत नाही. हुकूम दिल्यावर दिसते. पहिली ज्वाळा त्यांनी घरात सगळ्यांना दाखवली. भोजाई, म्हणजे दादांच्या पत्नी, चुलीपुढून उठून आल्या आणि पडद्याकडे पाहत राहिल्या.

“अवो वसराम, हा कांदा कायले काढला?”

“भोजाई, तो जाळ हाय.”

“असा जाळ असता तर भाकर झाली असती का माही?”

दुसरी ज्वाळा वांग्यासारखी आली. तिसरीला भोजाईंनी मान डोलावली. ती सरांनी माझ्या मोबाइलवर पाठवली.

होळीच्या आदल्या दुपारी त्यांनी मला तांड्यावर बोलावले. मी मोटारसायकलने गेलो. मधल्या मोकळ्या जागेत कडुनिंबाखाली दादांची बाज आणून ठेवली होती. नंगारा दादांचा मुलगा विनोद वाजवणार होता. विनोद कोळशाच्या खाणीवर टिप्पर चालवतो. हात जड, नजर पक्की. सरांनी तयार पान कडुनिंबाच्या बुंध्याला टाचले. चार ओळी होत्या, दोन्ही कडा दोरीने आखल्यासारख्या सरळ. चौथ्या ओळीच्या मध्यावर ज्वाळा. सरांनी मला पान जवळून पाहायला लावले. ते सुंदर होते.

“काका, वाचाचं कसं?” विनोदने विचारले.

“रस्त्यावरचे बोर्ड वाचतं तसं. काळा गोल आला, उजवी मार. पांढरा आला, डावी मार. जितकी जागा मोकळी, तितकं थांब. आपल्या मनानं काही करू नको.”

नायक बाजूला खुर्ची टाकून बसला होता. हातात मोबाइल होता. डीजेवाल्याला दिवेलागणीपर्यंत हो किंवा नाही सांगायचे होते.

विनोदने सुरुवात केली. पहिला ठोका पडला आणि बायका-पुरुष गोलात आले. काही पावले नीट पडली. मग गोल अडखळला. पुढच्यांनी पाय उचलला आणि ठोका आलाच नाही; मागचे त्यांच्यावर आदळले. पुन्हा सावरले, पुन्हा चालले, पुन्हा अडखळले. ज्वाळेपर्यंत कोणी पोहोचलेच नाही. गोलातून भोजाईंचा आवाज आला :

“वसराम, तुमची होळी लंगडून राह्यली!”

सगळे हसले. सर हसले नाहीत. “विनोद, तू चुकला.”

“काका, म्या कागदाभाईर एक काठी नाई मारली.”

पुन्हा वाजवले. त्याच ठिकाणी, तसेच लंगडले. नायकाने मोबाइल कानाजवळ नेला. “सर, वाईट वाटून घेऊ नका. कागदानं होळी फिरत नाई.”

“थांब जरा,” दादा म्हणाले. ते डोळे मिटून ऐकत होते. “वसराम, पयली ओळ बराबर हाय. दुसरी ढिली झाली. तिसरी पुन्हा बराबर.”

“भिया, तू जसं सांगतलं तसंच लिवलं म्या.”

“मंग दुसऱ्या ओळीत मानसं पाय उचलून उभे काहून राह्यले?”

सर झाडापाशी गेले. सवयीने त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि आधी उजव्या कडेला लावली. कड सरळ होती. मग त्यांनी पट्टी पहिल्या ओळीतल्या दोन गोलांमध्ये धरली, आणि तीच दुसऱ्या ओळीतल्या दोन गोलांमध्ये. तिथेच थांबले.

झाले होते ते असे. ठोक्यांचा एक गट मध्येच तोडायचा नाही, असे सरांनी संगणकाला बजावले होते. तो गट दुसऱ्या ओळीत मावत नव्हता, म्हणून तिसऱ्या ओळीत गेला. दुसऱ्या ओळीत चिन्हे कमी उरली. उजवी कड सरळ राहावी म्हणून लाटेकने त्यांच्यामधली जागा ओढून ती चिन्हे कडेपर्यंत नेली. शब्दांच्या ओळीत हे कोणाला कळले नसते. पण इथे मोकळी जागा म्हणजे थांबणे होते, आणि विनोद काकांचे ऐकणारा होता. जागा वाढली तितका तो थांबला.

सरांची पाठ हलू लागली. मला वाटले रडत आहेत. ते वळले तेव्हा हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते झाडाच्या मुळाशी जमिनीवरच बसले.

“भिया, म्याच ओढलं रे! कड सरळ कराच्या पायी साऱ्या तांड्याले लंगडं केलं!”

“मंग सोड ना ते कड.”

“सोडतो,” सर म्हणाले. मग नायकाकडे वळून, “दिवे लागाले वेळ हाय अजून.”

उजवी कड मोकळी सोडायला लाटेकमध्ये एक छोटा हुकूम पुरतो. तो सर वर्गात शिकवत नसत. बाजेच्या कडेवर लॅपटॉप ठेवून त्यांनी तो टाइप केला, आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसून ते मुकुटबनला झेरॉक्सच्या दुकानात आले. पान छापून आले. चार ओळी, चारही वेगवेगळ्या ठिकाणी संपलेल्या. दुसरी तर बरीच आखूड. सरांनी पान हातभर लांब धरले.

“कशी दिसून राह्यली बाप्पा,” ते पुटपुटले.

दुकानदाराने त्यांच्या खांद्यावरून डोकावले. तो त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. “सर, कड बिघडली जी. सरळ करून देऊ का?”

“हात नको लावू!” सर इतक्या जोरात ओरडले की बाहेर उभे असलेले गिऱ्हाईक आत येऊन पाहून गेले.

परत आलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर होते. नवे पान बुंध्याला लागले. विनोदने काठ्या उचलल्या. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. गोल थांबला नाही. भोजाई गोलातून जाता जाता सरांकडे पाहून मान डोलवून गेल्या. वांग्यानंतरच्या ज्वाळेला डोलवली होती तशीच. तिसऱ्या ओळीत गोलाने लेंगी उचलली. नायक खुर्चीतून उठला, दोन पावले लांब गेला आणि मोबाइलवर म्हणाला, “भाऊ, यंदा नाई. आमच्या इथं नंगारा हाय.”

मी रात्री तांड्यावरच राहिलो. पहाटे दव खरेच पडले होते. दोघांनी बाजेसकट दादांना बाहेर आणले. त्यांनीच तसे सांगितले होते. होळी पेटली. विनोद सुरू झाला. चौथ्या ओळीच्या मध्यावर तो थांबला आणि कोणी काही न सांगता चौघांनी नंगारा उचलून विस्तवाजवळ धरला. भोजाईंनी कातड्यावर तळवा ठेवून पाहिला आणि हुकूम दिला, “बस झालं.” नंगारा पुन्हा जागेवर आला. पुढचा ठोका पडला तो असा कडक की शेतापलीकडची कुत्री भुंकू लागली. त्यानंतर विनोदने कागदाकडे पाहिले नाही. दादांचा डावा हात बाजेच्या लाकडावर चालला होता. उजवा मांडीवर स्वस्थ होता.

त्याच महिन्यात माझी बदली झाली आणि वणी सुटली. सर निवृत्त होऊन तांड्यावर राहायला गेले असे कळते. दर होळीला त्यांच्याकडून एक पान येते, उजवी कड मोकळी असलेले. पण मला ते दिसतात ते त्या पहाटेचे. उजाडत होते. गोल वेगात फिरत होता आणि सर त्यात शिरले होते. धोतर खोचलेले, मिशीला राख लागलेली, खिशात पट्टी. गाणे त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त पाठ होते. पाऊल मात्र प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचित उशिरा पडत होते आणि मागचा माणूस दर वेळी त्यांच्यावर आदळत होता.

बाजेवरून दादा ओरडले, “वसराम! अजून कडच जुळवून राह्यला का बे?”

सरांनी दोन्ही हात वर केले आणि पुढची ओळही चुकीच्या जागी संपवली.